'जमाना-ए-तहसील' : परदेशातील एका छात्राध्यापिकेच्या शिक्षणाचे हशील

उर्दू साहित्याच्या अभ्यासकांना अतिया फैजी हे नाव अपरिचित नाही. मात्र ते बहुधा दुसऱ्यांच्या निमित्ताने येते. मौलाना शिबली नोमानी यांच्या पत्रसंग्रहाचा विषय निघाला की अतिया आणि त्यांच्या भगिनी जहरा यांचा उल्लेख होतो. इक्बालच्या युरोपातील वास्तव्याविषयी लिहिताना अतियांना लिहिलेल्या पत्रांचा आधार घेतला जातो. थोर पुरुषांनी जिला पत्रे लिहिली ती विदुषी, एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून रूढ झाली आहे. या बाईंनी स्वतः एक पुस्तक लिहिले, ते शिक्षक-प्रशिक्षणासाठी परदेशी गेलेल्या छात्राध्यापिकेचे रोजनिशीवजा टिपण आहे आणि उर्दूत अशा प्रकारच्या लेखनातील ते एक आरंभीचे पुस्तक आहे, याकडे अध्यापक वर्गाचेही फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्या पुस्तकाचा विचार शिक्षक-प्रशिक्षणाच्या अंगाने केला आहे.

पुस्तकाचे नाव 'जमाना-ए-तहसील'. मराठी वाचकाला 'तहसील' म्हटले की तहसीलदाराचे कार्यालय आठवते. लोधीखेड्याच्या माणसाला तर सौंसर तहसीलच आठवेल. परंतु हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ 'मिळवणे', 'प्राप्त करणे' असा आहे. सारा गोळा करण्याचे ठिकाण ती तहसील, आणि ज्ञान गोळा करणे तेही तहसीलच. 'हासिल' आणि 'महसूल' हे त्याच धातूचे शब्द, आणि मराठीत रोज वापरला जाणारा 'हशील' हाही त्याच घरातला. तेव्हा 'जमाना-ए-तहसील' म्हणजे विद्या मिळवण्याचा काळ. 'त्यात काय हशील?' हा मराठी माणसाचा नेहमीचा प्रश्न या पुस्तकालाही विचारावा लागतो, कारण ज्या अभ्यासक्रमासाठी अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, तो त्यांनी पूर्ण केला नाही.

घराण्याची पार्श्वभूमी

अतियांचा जन्म १८७७ साली इस्तंबूल येथे झाला. वडील हसनअली व्यापारानिमित्त तेथे राहत असत. कुटुंब मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील, आणि मातृपक्षाने तय्यबजी घराण्याशी जोडलेले. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी हे याच गोतावळ्यातले. मधली बहीण नाजली जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांना दिलेली होती. त्यामुळे मुरूड-जंजिऱ्याच्या मराठी मुलुखाशी या तिन्ही बहिणींचा घरोबा होता. पुढे शिबली नोमानीही याच संबंधातून जंजिऱ्यास पाहुणे म्हणून गेले.

या घराण्याची एक रीत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. तय्यबजी कुटुंबांतून 'अखबार' नावाच्या वह्या ठेवल्या जात. घरात कोण आले, कोण आजारी पडले, कोणी कोणता प्रवास केला, हे ज्याला वाटेल त्याने त्या वहीत लिहायचे आणि बाकीच्यांनी वाचायचे. म्हणजे रोजनिशी ही कुलुपात ठेवण्याची वस्तू नव्हती. ती बिऱ्हाडाच्या मध्यभागी उघडी असे. पुरुषांबरोबर बायका आणि मुलेही तीत लिहीत. व्यापारामुळे घरात गुजरातीचा वावर असला तरी या कुटुंबांनी उर्दूचा जाणीवपूर्वक अंगीकार केला होता. अतियांच्या लेखनाचा सहजपणा कोठून आला हे यावरून कळते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्या लंडनला गेल्या तेव्हा दुसऱ्याने वाचावे म्हणून रोजचा दिवस लिहून काढण्याची सवय त्यांच्या घराण्यात मुरलेली होती.

१९०६ च्या शरद ऋतूत त्या निघाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदरुद्दीन तय्यबजी यांचे लंडनमध्येच निधन झाले होते. लंडनहून त्या तारीखवार मजकूर लिहून जहरांना पाठवीत. जहरांनी तो संस्कारून लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' या साप्ताहिकाकडे दिला. हे साप्ताहिक १८९८ साली सय्यद मुमताज अली आणि मुहम्मदी बेगम या दांपत्याने सुरू केले होते. संपादन मुहम्मदी बेगम करीत आणि वाचक होत्या मुख्यतः पडद्यातल्या मुस्लिम स्त्रिया. पुस्तकरूपाने हा मजकूर १९२१ साली आग्रा येथून प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये शिव्हॉन लॅम्बर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत अभ्यासासह प्रसिद्ध केला. तेव्हापासून इतिहासाच्या अभ्यासकांत त्याची चर्चा वाढली आहे. शिक्षणशास्त्राच्या वर्गात मात्र तो अद्याप पोहोचायचा आहे.

मारिया ग्रे महाविद्यालय

अतियांनी प्रवेश घेतला ती संस्था म्हणजे लंडनचे मारिया ग्रे प्रशिक्षण महाविद्यालय. त्याचे महत्त्व कळण्यासाठी इंग्लंडमधील शिक्षक-प्रशिक्षणाची त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. प्राथमिक शाळांच्या शिक्षकांसाठी तेथे प्रशिक्षणाच्या संस्था बऱ्याच आधीपासून होत्या, परंतु त्या गरिबांच्या शाळांसाठी. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्याला प्रशिक्षणाची गरज आहे हेच मुळी तेथील सुशिक्षितांना मान्य नव्हते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, अशी समजूत होती. (ही समजूत आपल्या महाविद्यालयांतून आजही पुरती गेलेली नाही.) मारिया ग्रे आणि त्यांची बहीण एमिली शिरेफ यांनी याविरुद्ध चळवळ केली. त्यांच्या प्रयत्नांतून १८७२ साली मुलींसाठी दिवसाच्या माध्यमिक शाळा चालवणारी कंपनी उभी राहिली आणि त्या शाळांना शिक्षिका हव्यात म्हणून १८७८ साली हे महाविद्यालय निघाले. माध्यमिक शिक्षिकांसाठीचे ते इंग्लंडातील पहिले महाविद्यालय होय.

क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी शाळा काढल्या, मग त्या शाळांना लागतात तशा शिक्षिका घडवणारी संस्था काढली. तयार होऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला आपली जागा कोठे आहे हे ठाऊक होते.

१८९२ साली महाविद्यालय लंडनच्या वायव्येकडील ब्रॉन्ड्सबरी भागात गेले. तेथे मुलींची माध्यमिक शाळा त्याला जोडलेली होती. वरच्या वर्गाला व्याख्यान आणि शेजारच्या इमारतीत सराव पाठ, अशी सोय झाली. प्राचार्या अ‍ॅलिस वुड्स या १८९२ ते १९१३ अशी एकवीस वर्षे त्या पदावर होत्या. मुलामुलींनी एकत्र शिकावे या मताच्या त्या पुरस्कर्त्या असून त्या विषयावर त्यांनी ग्रंथ संपादित केला होता. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही महाविद्यालयात मिळे. केंब्रिज विद्यापीठाने १८७९ साली शिक्षक-प्रशिक्षणासाठी जे मंडळ नेमले, त्याच्या परीक्षेला येथील विद्यार्थिनी बसत. परीक्षेत शिक्षणाचा सिद्धान्त, शिक्षणाचा इतिहास आणि अध्यापनाची पद्धती हे लेखी भाग असत. शिवाय प्रत्यक्ष वर्गात शिकवून दाखवावे लागे.

मुंबईच्या मुस्लिम घरात वाढलेल्या मुलीसाठी हे सर्व किती परके असेल याची कल्पना अध्यापकाला सहज येईल. मानसशास्त्र परभाषेत शिकणे ही एक गोष्ट झाली. परभाषेच्या बारा वर्षांच्या मुलींपुढे उभे राहून, त्यांच्याच भाषेत, त्यांचाच इतिहास किंवा भूगोल शिकवणे ही फार वेगळी गोष्ट आहे. वर्गातली मुले परक्या शिक्षकाचा उच्चार पहिल्या दोन मिनिटांत तोलतात. ज्या अध्यापकाने सीमेपलीकडच्या शाळेत सराव पाठ घेतला असेल त्याला हे सांगायला नको.

अतियांच्या लेखनात महाविद्यालयाचा दिनक्रम येतो, व्याख्याने येतात, तशीच लंडनमधील प्रेक्षणीय स्थळे, मेजवान्या आणि भेटीगाठीही येतात. किंबहुना भेटीगाठींचा भाग बराच मोठा आहे, आणि केवळ शिक्षणशास्त्रासाठी पुस्तक उघडणाऱ्याची थोडी निराशा होईल. परंतु एक धागा सर्वत्र दिसतो. जे जे व्यवस्थित चाललेले दिसते, ते पाहून त्यांचे मन आपल्या समाजाकडे वळते आणि आपल्याकडे हे कधी होईल असा प्रश्न त्या करतात. परदेशी गेलेल्या त्या पिढीच्या बहुतेकांचा हाच सूर होता. सर सय्यद अहमद खान १८६९-७० मध्ये लंडनमध्ये असताना त्यांनी पाठवलेल्या पत्रांतही तो ऐकू येतो. सर सय्यदांनी जो समाज पाहिला तो मुख्यतः बाहेरून. अतिया मात्र वर्गातल्या बाकावर बसलेल्या होत्या.

ते वर्ष शिक्षणाच्या दृष्टीने मोठे गजबजलेले होते, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. डिसेंबर १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेने शाळेतील गरजू मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक मंडळांना देणारा कायदा केला. १९०७ मध्ये शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक झाले. मुलाच्या पोटाचा आणि डोळ्यांचा प्रश्न शाळेचा आहे की नाही, हा वाद त्या हिवाळ्यात लंडनमध्ये चालू होता. भारतात तो प्रश्न शासनाच्या पातळीवर यायला अनेक दशके जायची होती. त्याच १९०६ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, एवढी एक बाब मात्र आपल्या बाजूला मांडता येते.

हायडेलबर्गमधील एक निरीक्षण

इक्बाल आणि अतिया यांची भेट १ एप्रिल १९०७ रोजी मिस बेक यांच्या घरी झाली. मिस बेक या अलीगढच्या महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर बेक यांच्या भगिनी. नॅशनल इंडियन असोसिएशनच्या कामातून हिंदी विद्यार्थ्यांची त्या लंडनमध्ये देखभाल करीत. ही संस्था मेरी कार्पेंटर यांनी १८७० साली ब्रिस्टल येथे स्थापन केली होती. याच कार्पेंटरबाई १८६६ मध्ये भारतात आल्या असताना मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळत नाहीत म्हणून शिक्षिका घडवणाऱ्या शाळा काढा, असा आग्रह धरून गेल्या होत्या. चाळीस वर्षांनी एक हिंदी स्त्री शिक्षिका होण्यासाठी लंडनला आली आणि तिला आधार मिळाला तो त्यांच्याच संस्थेचा.

ऑगस्ट १९०७ मध्ये अतिया जर्मनीत हायडेलबर्ग येथे गेल्या. तेथे इक्बाल जर्मन भाषेचा अभ्यास करीत होते. १९४७ साली मुंबईहून प्रसिद्ध झालेल्या 'इक्बाल' या आपल्या इंग्रजी पुस्तकात अतियांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. लंडनमध्ये पाहिलेला तल्लख आणि काहीसा टोमणे मारणारा तरुण तेथे एमा वेगेनास्ट यांच्यासारख्या तरुण शिक्षिकांपुढे नम्र विद्यार्थी होऊन बसलेला त्यांना दिसला. चुका दाखवल्या की तो निमूटपणे ऐकून घेई. साहित्याच्या चरित्रकारांनी या प्रसंगातून भलतेच काही शोधले. अतियांच्या नजरेला जे पडले ते मात्र छात्राध्यापिकेचे निरीक्षण आहे : शिकवणारी व्यक्ती बदलली, भाषा बदलली, जागा बदलली की विद्यार्थीही बदलतो.

अपुरा अभ्यासक्रम

प्रकृतीच्या कारणाने अतियांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला. वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, १९०७ मध्येच, त्या प्रमाणपत्राशिवाय परतल्या. पुढच्याच वर्षी नाजली बेगमांबरोबर त्यांनी पुन्हा युरोपचा प्रवास केला. १९१२ साली पुण्याच्या बेने इस्रायल समाजातील, म्हणजे मराठी घरभाषा असलेल्या समाजातील, चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१४ मध्ये भारतीय संगीतावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. फाळणीनंतर हे दांपत्य कराचीला गेले. तेथे १९६७ साली अतियांचे निधन झाले. कलेच्या क्षेत्रात त्यांचे नाव झाले, पण ज्या कामासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती ते शिक्षिकेचे काम त्यांचे आयुष्यकार्य झाले नाही.

याचा दोष केवळ प्रकृतीला देता येणार नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे कारण कळते. रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका तयार करण्याची मागणी केली होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. म्हणजे त्यांचाही पहिला अभ्यासक्रम हुकलाच. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात त्या शिकल्या आणि शिकवल्याही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे फ्रोबेलची बालोद्यान पद्धती त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यांनी तिचे रीतसर शिक्षण घेतले. अमेरिकेतील शाळा पाहत त्या हिंडल्या. तेथील शिक्षणाविषयी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या १८८९ सालच्या मराठी पुस्तकात त्यांनी लिहिले.

येथपर्यंत दोघींची वाट सारखी दिसते. फरक पुढे आहे. रमाबाई अमेरिकेत असतानाच डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या नियोजित शाळेसाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे खर्च चालवण्याचे आश्वासन मिळाले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले. मध्ये सहा आठवडेसुद्धा गेले नाहीत. पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह केलेल्या आनंदीबाई, तेव्हाच्या गोदूबाई, या सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी होत. परदेशी पैशाच्या मदतीने पुढे धर्मांतराचे वाद उठले आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार १८९३ मध्ये बाजूला झाले, हेही खरे. पण बालोद्यान पद्धतीचे जे काही शिकून आणले ते दुसऱ्या दिवशी वापरून पाहायला वर्ग होता.

सर सय्यदांच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. लंडनहून परतल्यावर १८७० मध्ये त्यांनी 'तहजीब-उल-अखलाक' काढले आणि १८७५ मध्ये अलीगढला शाळा सुरू झाली.

अतियांसाठी अशी शाळा वाट पाहत नव्हती. गरज नव्हती असे मुळीच नाही. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी मुलींची शाळा काढली ती नेमकी १९०६ साली, आणि त्या काळच्या मुस्लिम मुलींच्या शाळांपुढची पहिली अडचण शिकवायला बाई कोठून आणायची हीच असे. एकीकडे बाईविना शाळा आणि दुसरीकडे शाळेविना बाई. सरकारने शिष्यवृत्ती दिली, जाण्यायेण्याचा विचार केला. परत आल्यावर ही बाई कोणत्या वर्गात उभी राहील, हा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. मारिया ग्रे यांच्या चळवळीने शाळा आधी आणि प्रशिक्षण नंतर असा जो क्रम ठेवला होता, नेमका तोच येथे उलटा झाला.

तरीही हशील शून्य नव्हते. 'तहजीब-ए-निस्वान'ची वाचक स्त्री घराचा उंबरठा क्वचितच ओलांडत असे. तिला आठवड्यागणिक एका महाविद्यालयाच्या आतले आयुष्य तिच्या भाषेत वाचायला मिळाले, आणि तेही तिच्यासारख्याच घरातल्या बाईने लिहिलेले. किती मुलींच्या वडिलांनी ते वाचून मन बदलले याची मोजदाद करता येत नाही, पण हे काम शाळेच्याच जातीचे होते.

आजच्या प्रशिक्षणाच्या संदर्भात

शिक्षकांना परदेशी पाठवण्याची कल्पना पुन्हा जोरात आहे. दिल्लीचे शिक्षक फिनलंडला गेले, मध्य प्रदेशातील शाळांचे प्राचार्य २०१९ मध्ये दक्षिण कोरियाला जाऊन आले. अशा दौऱ्यांवर खर्चाच्या अंगाने टीका होते. अतियांचे उदाहरण पाहता खरा प्रश्न वेगळा विचारायला हवा : परतल्यावर त्या शिक्षकाला स्वतःच्या शाळेत काय बदलू दिले जाते? वेळापत्रकातली एक तासिका तरी त्याच्या हाती असते काय?

आणि परदेश दूरच राहिला. २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील अनुभवाला एकूण वीस आठवडे मिळाले. छात्राध्यापक या काळात दुसऱ्याच्या शाळेत पाहुणा असतो, जवळजवळ परदेशातच असतो. त्याची निरीक्षण वही पाहिली तर बहुतेक वह्यांतून एकच मजकूर आढळतो : पाठ चांगला झाला, फलकलेखन सुवाच्य होते, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम होता. गेल्या वर्षीच्या वहीतून या वर्षीची उतरली जाते. कारण उघड आहे. ती वही कोणासाठीच लिहिलेली नसते. परीक्षक सही करतो आणि गठ्ठा बांधला जातो. अतियांच्या टिपणाला वाचणारी बहीण होती, आणि बहिणीच्या पाठीमागे एका साप्ताहिकाच्या अनोळखी वाचक स्त्रिया होत्या. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाला सांगायचे असले की लिहिणारा तपशिलात जातो.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात हा प्रयोग करून पाहण्यास चांगली जागा आहे. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, पाटीवर हिंदी, आणि काही घरांतून संध्याकाळी उर्दूची उजळणी, अशी येथील मुलाची रोजची तीन गावे असतात. येथून प्रशिक्षणासाठी कोणी छिंदवाड्याला जातो, कोणी नागपूरला. नागपूरच्या शाळेत सराव पाठ घेणाऱ्या लोधीखेड्याच्या मुलीला तिकडचे क्रमिक पुस्तक नवे असते, आणि छिंदवाड्याला जाणारीला वर्गात घरची मराठी बाजूला ठेवून शिकवावे लागते. तिने निरीक्षण वहीचा एक भाग आठवड्याच्या पत्राच्या रूपात, घरी जी भाषा बोलली जाते त्या भाषेत, गावातल्याच एखाद्या शिक्षिकेला किंवा मोठ्या बहिणीला उद्देशून लिहावा. त्या आठवड्यात एका मुलाने कोणता प्रश्न विचारला, आपल्याला कोठे उत्तर सुचले नाही, आणि आपल्या गावच्या शाळेत तोच पाठ घ्यायचा झाला तर पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलावे लागेल, एवढे तीन मुद्दे त्यात पुरेत. महाविद्यालयाने ती पत्रे वर्षअखेरीस गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे पाठवावीत. बाई नोकरीला येण्याआधी तिची पत्रे शाळेत आलेली असतील.